धार लावायची तरी किती?

श्रोतेहो, नमस्कार. शिरूरकडच्या इनामगावात, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं. तिथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची दगडी पाती सापडली, कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची. तांबं त्यांना माहीत होतं, तरी कापाकापीला दगड होताच. शहाणी माणसं! असा दगड नीट फुटला की आयती धार मिळते.

पण पातं धारदार करत कुठवर जाता येईल? अणूपर्यंत, त्यापुढे नाही. लोखंडाच्या दोन शेजारी अणूंत पाव नॅनोमीटर अंतर असतं आणि मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. दाढीच्या कोऱ्या ब्लेडची कड साधारण तीस ते पन्नास नॅनोमीटरची, म्हणजे शे-दोनशे अणू रुंद. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच तीन नॅनोमीटरपर्यंत उतरते. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच की! पण आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, काच घडवणारी सिलिका कमी, त्यात स्फटिक धरले आणि फुटताना ते आडवे येतात. काचेत स्फटिकच नाहीत.

पोलादातही दाणे असतात, शिवाय कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाचे, कठीण कण. कड त्यांच्या मापाजवळ आली की कण निखळतो, खाच पडते. नाहीतर कड चक्क दुमडते.

आणि हे कापण्याआधीचं झालं. कड जितकी बारीक, तितका दाब थोड्या जागेवर एकवटतो. तोच दाब उलटून पात्यावरही येतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडचे टवके उडवतो. वाकलेला केस कडेला तिरका लागला, आणि नेमकी तिथे पोलादाची घडण असमान असली, की झालं. म्हणून ऊसतोडीच्या कोयत्याला कुणी दाढीच्या ब्लेडसारखा निमुळता कोन देत नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी हिऱ्याची सुरी वापरतात. राळेत बसवलेल्या ऊतकाचे साठ-सत्तर नॅनोमीटर जाडीचे काप ती काढते. तिने भेंडी मात्र चिरू नये, महाग पडेल.

घरच्या सुरीचं म्हणाल, तर धारवाल्याला दोष देण्याआधी ओटा बघा. कडाप्प्यावर थेट भाजी चिरली की कड तिथेच वळते. लाकडी पाट घ्या.