सोळाव्या महिन्याची कोरी चौकट

(नागपुरातल्या एका महिला मंडळापुढे बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

येताना लेकरांची लसीकरण कार्डं घेऊन या, असा निरोप मी दिला होता. बऱ्याच जणींनी आणलीत, दोन-तीन आज्यांनी नातवंडांचीही आणलीत. आता कार्ड उघडा आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा भाग शोधा. गोवर-रुबेला, दुसरा डोस. तिथे तारीख आहे, की चौकट कोरी आहे?

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हीच चौकट मला वारंवार कोरी दिसली. नवव्या महिन्याची लस बहुतेक घरं आठवणीने देतात. पण पहिला वाढदिवस झाला, लेकरू चालायला लागलं, की घरात आपोआप ठरून जातं : झाल्या लसी! शिवाय बाळंतपण माहेरी झालेलं, आई सासरी आलेली आणि कार्ड राहिलं माहेरच्या कपाटात.

मग मला विचारतात, "एक दिली ना मॅडम, दुसरी काहून?" प्रश्न रास्त आहे. पोटात असताना आईची प्रतिकारद्रव्यं बाळाला मिळतात आणि काही महिने तीच त्याला राखतात. नवव्या महिन्यातही त्यांतली थोडी कुणाकुणाच्या अंगात शिल्लक असतात. लसीत असतो जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू. तो अंगात थोडा वाढला तरच शरीर शिकतं, आणि ही आईकडून आलेली द्रव्यं त्याला वाढूच देत नाहीत. म्हणून नवव्या महिन्यात लस घेतलेल्या 100 बाळांपैकी साधारण 85 जणांना ती लागू पडते. उरलेली 15 कोणती, हे बघून मलाही ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी दुसरा डोस. याला लोक बूस्टर म्हणतात. मी नापासांची फेरपरीक्षा म्हणते. कोण नापास झालंय ते कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच बसवायचं. मग पहिला डोसच उशिरा का देत नाही? कारण आपल्याकडे गोवर लहानग्यांना लवकर गाठतो, तेवढं थांबणं परवडत नाही.

आता माझीच एक चूक सांगते. जानेवारीतली संध्याकाळ, थंडीमुळे दवाखान्याच्या खिडक्या बंद. चार वर्षांचा एक मुलगा आला : ताप, नाक गळतंय, डोळे लाल. अंगावर पुरळ नव्हतं. मी सर्दीच समजत होते. मग बॅटरी लावून तोंड बघितलं, तर गालाच्या आतून, दाढांसमोर, मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके. गोवराची ही खूण पुरळाच्या एक-दोन दिवस आधीच दिसते. तोवर तो पाऊण तास बाकावर बसून खोकला होता. तो गेल्यावर त्याच बाकावर सात महिन्यांचं बाळ घेऊन एक आई येऊन बसली. मी खिडक्याही उघडल्या नव्हत्या. अकराव्या दिवशी ते बाळ तापाने फणफणत आलं, पुढे न्यूमोनिया झाला. वाचलं, पण आठ दिवस दवाखान्यात काढले. त्या दोन लेकरांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. बंद खोलीत हा विषाणू रोगी गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत टिकतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच पसरायला लागतो. लस न घेतलेल्या वस्तीत एक रोगी 12 ते 18 जणांना देऊ शकतो. सात महिन्यांच्या बाळाची तर लसच झालेली नसते. आजूबाजूच्या 100 पैकी 95 लेकरांचे दोन्ही डोस झालेले असतील, तर गोवर त्याच्यापर्यंत पोचायला वाट उरत नाही. मुंबईत 2022 च्या अखेरीस गोवंडीकडे साथ उठली, तेव्हा लसीत मागे राहिलेलीच लेकरं जास्त सापडली.

घरात गोवर निघाला की आपल्याकडे "माता आली" म्हणतात, दाराला निंबाचा डहाळा लागतो. डहाळ्याशी माझं भांडण नाही. पाहुणे उंबऱ्याबाहेर थांबतात, हे मला हवंच आहे. भांडण आहे ते लेकराचं खाणं तोडण्याशी. अंगावरचं दूध, वरण, भात, पाणी, सगळं द्या. आणि डॉक्टरांकडून 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, घ्याच. त्याने डोळे वाचतात, जीवही वाचतो. पुरळ गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. जुन्या आजारांची शरीराला झालेली ओळख गोवर पुसून टाकतो, त्यामुळे पुढे कितीतरी महिने लेकरू सारखं आजारी पडतं.

एक तक्रारही करते. लसीची एक कुपी बऱ्याच बाळांना पुरते, पण तिच्यातली पूड पाण्यात कालवली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून सिस्टर कुपीवर वेळ लिहून ठेवते. हे बरोबरच आहे. पण एका केंद्रावर माझ्या पेशंटला सांगितलं, "पाच बाळं जमली की या." एका बाळासाठीही कुपी उघडायची, अशीच सूचना आहे. उरलेली वाया गेली तर जाऊ द्या. मे महिन्यातल्या उन्हात ती आई पुन्हा दोन ऑटो बदलून कशाला येते?

मागच्या आजी विचारताहेत, नातू तीन वर्षांचा झाला, आता वेळ गेली ना? नाही. राहिलेला डोस सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत मिळतो. पहिलाही झाला नसेल तर आता एक घ्या, महिन्याने दुसरा. कार्ड सापडत नाही, दिली की नाही आठवत नाही, तरी द्या. जास्तीच्या एका डोसाने अपाय होत नाही. आणि कार्ड माहेरी असेल, तर आत्ताच फोन लावा. मी थांबते दोन मिनिटं.