दिवाणातला कवितासंग्रह

नमस्कार मंडळी. (सुतळीनं बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवतो.) हा माझा पहिला कवितासंग्रह. पाचशे प्रती, स्वतःच्या खिशातून. त्यातल्या निम्म्या अजून आमच्या दिवाणात आहेत, हिच्या ठेवणीतल्या साड्यांशेजारी. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते सगळं ठेच लागून आलेलं आहे.

कुणी विचारलं, "दादा, संग्रह काढायला किती खर्च येतो?" की मी उलट विचारतो, किती पानांचा? डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात साधारण सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, धरतात. 96 पानं म्हणजे बरोब्बर सहा फॉर्म. तुमची 98 झाली की सातवा फॉर्म लागला, आणि उरलेली चौदा पानं एक तर कोरी सोडा नाही तर भरा. मी भरली. माझ्या संग्रहातल्या शेवटच्या कविता का पातळ आहेत, ते आता कळलं असेल.

प्रकाशकाचं नाव घेणार नाही. पण मला दिलेल्या बिलात 'आयएसबीएन शुल्क' (आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक) अशी एक ओळ होती, आणि मी ते मुकाट्यानं भरलं. आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी तो देते. स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही थेट अर्ज करता येतो. मात्र मग कायद्यानं प्रकाशकही तुम्हीच, म्हणजे 1954 च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची. तेवढंच समाधान, कविता कोलकात्यापर्यंत पोचली!

करारपत्र मात्र नीट वाचा. त्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असं असेल तर पेन खाली ठेवा. कॉपीराइट कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, एवढं सगळं एका सहीत जातं. 1957 च्या कायद्यात कलम 19 आहे. हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तरी मी म्हणेन, मुदत लिहूनच घ्या. "अहो, आपल्यात कशाला कागद?" असं कुणी म्हणालं तर हमखास कागद करा.

आता माझी खरी जखम. (पान उघडून कॅमेऱ्याजवळ धरतो.) ही ओळ बघा. मी लिहिलं होतं, "या दऱ्यांना पाऊस विचारत नाही". छापलंय काय? "या दर्यांना". डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, पानं मांडणाऱ्या डीटीपीवाल्यानं ते जुन्या फॉन्टमध्ये फिरवलं, आणि त्या भानगडीत 'ऱ्या'चा अर्धा र उडून वर रफार जाऊन बसला. तेव्हा प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मोबाइलवर वाचू नका. छापून घ्या, मोठ्यानं वाचा आणि ऱ्या, ऱ्हा अशी अक्षरं पेन्सिलीनं शोधा. ओळी कुठे तुटल्यात तेही बघा. कथेत ओळ कुठेही मोडली तरी चालते, कवितेत तीच तर कविता असते.

आता खपाचं. हल्ली 'प्रमोशन' म्हटलं की रील. काढा की, मीही काढतो. पण विंदा, बापट आणि पाडगावकर हे तिघं गावोगावी जाऊन कविता वाचायचे, तेव्हा लोक खास कविता ऐकायला जमायचे. माझ्या ज्या प्रती खपल्या, त्यातल्या बहुतेक वाचन संपल्यावर, चहाच्या टेबलापाशी खपल्या. दुकानातून किती गेल्या ते विचारू नका. वाचायला जाताना पिशवीत दहा प्रती आणि सुटे पैसे ठेवा. आणि प्रत फुकट वाटू नका. फुकट मिळालेला संग्रह माणूस "सवडीनं वाचतो" म्हणतो, आणि ती सवड काही येत नाही.

दिवाळी अंकाला कविता द्यायची असेल तर ती आधी फेसबुकवर टाकू नका. बऱ्याच संपादकांना कविता अप्रकाशित लागते, आणि फेसबुकवर आलेली त्यांच्या लेखी छापून झालेली असते. कविता चित्रात टाकलीत तर नाव कोपऱ्यात नको, ओळींच्या मधे, पुसता येणार नाही असं टाका. नाही तर तीच कविता महिन्याभरात कुसुमाग्रजांच्या नावावर तुमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर येईल. माझी आली. खाली आमच्या सेक्रेटरींनी लिहिलं होतं, "आता असे कवी राहिले नाहीत."

(पेनाचं टोपण काढतो.) तर, कुणी प्रत घेतली की मी आधी हे पान उघडतो, रफार खोडतो आणि हातानं 'ऱ्या' लिहितो. सही नंतर. आजवर 248 दऱ्या झाल्या. बाकीचा समुद्र दिवाणात आहे.