बसल्या बसल्या

(दृश्य : सकाळची गॅलरी. वेताची खुर्ची. दोन हात आणि एक सुई.)

शिलाई मशीन चाललं की शेजारच्या घरात कळतं. मिक्सर लागला की खालच्या मजल्यावर कळतं. क्रोशाची सुई चालते तेव्हा त्याच खोलीत बसलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. माझी मावशी पन्नासेक वर्षं विणते आहे. तिच्या हातची टोपडी घालून मी मोठी झाले, तिने विणलेल्या तोरणाखालून शाळेत गेले. पण ते हात नेमकं काय करतात, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

या वेळी पाहायचं ठरवलं. कॅमेरा लावला, शेजारी घड्याळ ठेवलं आणि मावशीला म्हटलं, माझ्यासाठी एक पिशवी कर. खांद्याला लावायची, फुलांच्या चौकोनांची. पहिल्या गाठीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत मी इथेच बसणार.

ती म्हणाली, “अगं, त्यात काय बघायचंय? बसल्या बसल्या होतं ते.”

(दृश्य : बोहरी आळी, दुपार. दुकानाच्या फळीवर दोऱ्याचे गुंडे.)

दोरा आणायला आम्ही पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. माझा हात आपसूक ॲक्रिलिकच्या लोकरीकडे गेला, कारण ती मऊ होती. मावशीने तो गुंडा परत फळीवर ठेवला. बाळाच्या कुंचीला ही ठीक आहे, म्हणाली. पण पिशवीत तुझा डबा जाणार, पाण्याची बाटली जाणार, छत्री जाणार. लोकरीची पिशवी ओझ्याने गुडघ्यापर्यंत लोंबेल, आणि खांद्याशी घासून घासून तिच्यावर गोळे येतील. जाड सुती दोरा हाताला जरा कडक लागतो, पण वजन धरतो.

मग रंग. फुलाच्या मध्याला हळदीसारखा पिवळा. पाकळ्यांना तीन रंग : झेंडूचा केशरी, गुलबक्षीचा राणी, गोकर्णीचा निळा. पानांना हिरवा आणि चारी बाजूंच्या काठाला सायीचा रंग. सायीचे सगळे गुंडे तिने वेष्टनावरचा लॉट नंबर बघून एकाच खेपेतले घेतले. दोन वेगळ्या वेळी रंगवलेला दोरा दुकानातल्या दिव्याखाली सारखाच दिसतो, उन्हात गेला की फरक उघडा पडतो. सुई साडेतीन मिलिमीटरची, तिच्याकडचीच. दोऱ्याचे सहाशे रुपये झाले.

(दृश्य : सुईचं टोक, अगदी जवळून.)

‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा आकडा. या सुईला भोक नसतं, टोकाशी एक खाच असते, आणि त्या खाचेने दोरा ओढून आणायचा एवढंच तिचं काम. बाकी सगळं हाताच्या मोजमापावर.

मावशी बोटाभोवती दोऱ्याचं कडं करते आणि त्यात पहिला खांब उभा करते. सुईवर एक वेढा. सुई कड्यात. दोरा ओढून बाहेर. मग दोनातून एकदा, पुन्हा दोनातून एकदा. झाला खांब. वेढा न घेता विणलेला बुटका टाका तो मुका खांब. आणि नुसती फासातून फास काढत गेलं की साखळी.

हे शब्द मला फार आवडतात. आज मुली मोबाइलवर बघून शिकतात, तिथे अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते त्यालाच ब्रिटिश बाई ट्रेबल म्हणते, आणि शिकणारीचा चौकोन भलत्याच मापाचा होतो. मावशीच्या वहीत खांब म्हणजे खांब. सगळ्या नमुन्यांची टिपणं त्या वहीत आहेत, शाईच्या पेनाने लिहिलेली : ३ सा., २ खां., १ मु. खां.

पहिल्या फेरीत कड्यात १२ खांब. दुसऱ्या फेरीत पाकळ्या. दोन खांबांमधल्या प्रत्येक फटीत तीन खांब अर्धवट विणायचे आणि शेवटी चारही फासांतून दोरा एकदम ओढून त्यांची डोकी एकत्र बांधायची. पाकळी वर निमुळती होते, मध्ये फुगते. अशा १२ पाकळ्या, दोन पाकळ्यांमध्ये दोन साखळ्या.

इथपर्यंत फूल गोल आहे. आता बघा.

(दृश्य : हिरवा दोरा जोडला जातो. वेग नेहमीचाच, कापाकापी नाही.)

हिरव्या फेरीत प्रत्येक फटीत तीन खांब. मात्र दर तिसऱ्या फटीत तीन खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा त्याच फटीत तीन खांब. त्या एका जागेत दुप्पट गर्दी झाली की विणीला बाहेर सरकावंच लागतं, आणि तिथे कोपरा येतो. १२ फटी, दर तिसरीला कोपरा, म्हणून चार कोपरे. मावशी हात न थांबवता बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर वर्तुळाचा चौकोन झाला. मी ते दृश्य नंतर बऱ्याच वेळा मागे नेऊन पाहिलं. नेमका कुठल्या क्षणी गोलपणा गेला, ते अजूनही बोट ठेवून सांगता येत नाही.

शेवटची फेरी सायीची, त्याच हिशेबाने, फक्त प्रत्येक बाजूला तीन खांबांचा एक झुपका वाढतो. कडेने मुक्या खांबांची एक ओळ. चौकोन ११ सेंटिमीटरचा.

मी खांब मोजले. १२, ३६, ४८ आणि ६०. एका चौकोनात १५६. घड्याळात ३५ मिनिटं गेली होती.

(दृश्य : चौकोन तळहातावर.)

जगभर याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात, आजीचा चौकोन. छापलेला सर्वांत जुना ज्ञात नमुना १८८५ सालचा आहे, अमेरिकेत शिकागोहून निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या पत्रातला. शेतीच्या पत्रात विणकाम कसं आलं, असं वाटेल. पण शेतघरात उरलेल्या लोकरीचे तुकडे असायचे आणि हिवाळा लांब असायचा. छोटा चौकोन उरलेल्या दोऱ्यात भागतो. असे चौकोन साठवायचे आणि पुरेसे झाले की जोडून पांघरूण करायचं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं.

क्रोशाने नुसती ऊबच दिली असं नाही, पोटही भरलं. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळाची वर्षं सुरू झाली. तिथल्या जोगिणींच्या मठांनी गरीब घरांतल्या बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस परदेशी विकली जाई आणि त्या पैशांत घरात धान्य येई. आपल्याकडे आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला, एकोणिसाव्या शतकात ही लेस मिशनऱ्यांबरोबर आली आणि तिथे मुरली. भोवतालच्या गावांतल्या हजारो बायकांच्या हाती ती आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

नरसापूरबद्दल वाचताना मी एका ठिकाणी थांबले. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे राहून अभ्यास करून गेल्या. १९८२ साली तो पुस्तकरूपाने आला. त्यांनी दाखवलं ते असं : बायका दिवसातले कित्येक तास विणतात, लेस परदेशी जाते, व्यापाऱ्यांचे बंगले उभे राहतात, पण बायकांना कामगार कुणी म्हणत नाही. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावला वेळ.

मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीकडे पाहिलं. मावशीचा सातवा चौकोन चालू होता.

(दृश्य : भाजीचा कुकर. शिट्टी. सुई फासातून निघते, विणकाम खुर्चीवर.)

तिला दर दहा-पंधरा मिनिटांनी उठावं लागतं. कुकर, दाराची बेल, काकांची गोळी. इथे क्रोशाचा एक गुण तिच्या कामी येतो. साध्या दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर टांगलेले असतात, सुई निसटली तर सगळेच धोक्यात. क्रोशात टाका पूर्ण झाला की सुईवर एकच फास उरतो. तो जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचं.

यंत्राला मात्र क्रोशा साधलेला नाही. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र विल्यम ली या इंग्रज माणसाने १५८९ साली केलं, त्याला चारशेहून अधिक वर्षं झाली. क्रोशात मात्र सुई प्रत्येक वेळी तयार विणीच्या नव्या भोकात, नव्या कोनातून घुसवावी लागते, आणि ते भोक कुठे आहे हे बोटाला कळावं लागतं. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण खरा क्रोशा भराभर काढणारा कारखाना अजून कुठे उभा राहिलेला नाही. म्हणून मॉलमध्ये तीनशे रुपयांना खरी क्रोशाची पिशवी दिसली, तर ती कुणीतरी हाताने विणलेली आहे हे नक्की समजा, आणि त्या तीनशेत दोरा, वाहतूक आणि दुकानाचं भाडं वजा केल्यावर तिच्या हातात काय पडलं असेल ते मोजून बघा. मला तरी त्या पिशवीला आता हात लावता येत नाही.

(दृश्य : माझे हात.)

मध्ये मीही एक चौकोन विणला. तिसऱ्या फेरीला कोपरे जुळेनात, एक बाजू आखूड. मावशीने चौकोन उजेडात धरला आणि मधला पिवळा गोल मोजला. ११ खांब होते. अकरा फटी चार कोपऱ्यांत वाटल्या जात नाहीत. तिने दोरा धरला आणि ओढला. मी दीड तासात विणलेलं अकरा सेकंदांत उसवलं. मला वाईट वाटलं, ते तिला दिसलं. “दोरा कुठे जातोय,” ती म्हणाली, “इथेच आहे सगळा.” नवा चौकोन दोन तास दहा मिनिटांत झाला, चारी कोपऱ्यांसकट.

(दृश्य : चटईवर चौकोन मांडलेले.)

१८ चौकोन झाले. पुढच्या बाजूला तीन बाय तीन, मागच्या बाजूला तसेच. एका रंगाचं फूल आडव्या किंवा उभ्या ओळीत दुसऱ्यांदा येऊ नये, अशी मांडामांड करायला मावशीने एक अख्खी संध्याकाळ घेतली. तो वेळ मी मोजला नाही. ती म्हणाली की हा मोजू नकोस, हा माझा.

मग जे काम कुणीच व्हिडिओत दाखवत नाही ते काम. प्रत्येक रंग सुरू होताना आणि संपताना दोऱ्याचं एक टोक सोडतो. एका चौकोनाला आठ टोकं, अठरांना १४४. प्रत्येक टोक सुईत ओवून मागच्या बाजूने विणीत लपवायचं, एका दिशेला न्यायचं आणि पुन्हा उलट दिशेला आणायचं, नाहीतर धुण्यात सुटतं. तीन तास गेले. मग चौकोन थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून, पाणी शिंपडून रात्रभर ठेवले. सकाळी सगळ्यांचे काठ एका मापात आले. जोडणीला चार तास.

खांद्याचा पट्टा ही या पिशवीची खरी परीक्षा. मावशी पिशवीची बाजू आणि पट्टा एकाच पट्टीत करते. १९५ सेंटिमीटरची साखळी, टोकं जोडून मोठं कडं, आणि त्यावर गोल गोल मुके खांब, ८ सेंटिमीटर रुंद होईपर्यंत. त्यातले ९९ सेंटिमीटर पिशवीच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना शिवले जातात, उरलेले ९६ खांद्यावर. आडव्या ओळींनी विणलेला पट्टा ओझ्याने लांबत जातो. लांबीच्या दिशेने विणला की कमी ताणतो. तरीही खांद्याच्या भागात तिने जाड कापडी पट्टी घातली आणि विणीची घडी तिच्यावर मिटून शिवली. पट्टीला सहा तास. मांजरपाटाचं अस्तर घालायला दोन, कारण फुलाफुलांमधल्या फटींतून किल्ली आणि पेन पडायला वेळ लागत नाही. अस्तराच्या आत खिसा आहे. तो माझा चौकोन.

(दृश्य : कागदावर आकडे.)

चौकोन साडेदहा तास. टोकं तीन. जोडणी चार. पट्टी सहा. अस्तर दोन. एकूण साडेपंचवीस तास. हा कागद मी मावशीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. काही बोलली नाही.

दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या एक बाई आल्या. पिशवी खांद्याला लावून आरशात पाहिली, मनापासून आवडली त्यांना. म्हणाल्या, “मलाही अशीच करून द्या ना. बाराशे देईन.”

दोरा सहाशेचा, कापड शंभरचं. उरले पाचशे. साडेपंचवीस तासांना भागलं तर तासाला वीस रुपयेही नाहीत. हा भागाकार मी मनातच केला, कारण बोलायचं मावशीने होतं. ती नेहमी जे म्हणते तेच आता म्हणेल, याची मला खात्री होती.

मावशीने सुईवरचा फास जरा मोठा ओढला आणि विणकाम बाजूला ठेवलं.

“साडेपंचवीस तास लागतात,” ती म्हणाली.

बाईंनी पिशवी खांद्यावरून काढली, मांडीवर घेतली, आणि उलटी करून आतली शिवण बघू लागल्या.