तिसरी पिशवी

[दृश्य: वनाझ. मेट्रोचा डेपो, रुळांवर उभ्या गाड्या.]

पुण्याची मेट्रो 6 मार्च 2022 ला धावायला लागली ती या वनाझहून. रात्री गाड्या मुक्कामाला येतात ती ही जागा. कोथरूडच्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल की इथे पूर्वी कचरा डेपो होता. तेव्हा कोथरूड म्हणजे गावाबाहेर. पुढे शहर वाढत वाढत डेपोला येऊन भिडलं, आणि उठावं लागलं ते डेपोला. तो गेला पार दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्याच्या बाजूला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत.

तिथेही माणसं राहत होतीच. विहिरींचं पाणी बिघडलं, टँकर आले, वास तर बारमाही. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे गाड्या आत गेल्या नाहीत आणि पेठांपासून उपनगरांपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. त्याच वर्षी ही दोन्ही गावं पुणे महापालिकेत आली. पुढे त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कागदावरच्या हद्दी अशा इकडून तिकडे सरकत राहिल्या. डेपो मात्र जागचा हलला नाही.

[दृश्य: सकाळ. सोसायटीचं फाटक, आत येणारी ढकलगाडी.]

खरं तर कायद्याने कचऱ्याचा डोंगर कधीच नाकारलाय. अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून 2000 साली शहरांच्या घनकचऱ्यासाठी देशातले पहिले नियम आले. 8 एप्रिल 2016 ला त्यांच्या जागी नवे नियम आले आणि जबाबदारी थेट घराच्या ओट्यापर्यंत पोचली. ज्याचा कचरा, त्यानेच तो वेगळा करून द्यायचा. 2026 चे नियम येईपर्यंत वाटण्या तीन होत्या. ओला वेगळा, सुका वेगळा आणि घरातला घातक कचरा वेगळा: म्हणजे जुनी औषधं, रंगाचे डबे, बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूब. बांधकामाचा राडारोडा या डब्यांत टाकायचा नाही, बागेचा पालापाचोळाही नाही. जाळायचा नाही, पुरायचा नाही, नाल्यात लोटायचा नाही. भरावाच्या जागेवर जायचं ते फक्त ज्याचं पुढे काहीच होत नाही, तेवढंच.

वाचायला सोपं आहे. पण नियम पाळला गेला की नाही, ते ठरतं या फाटकाच्या आत, बेल वाजल्यापासून दार पुन्हा लागेपर्यंत.

[दृश्य: जिना. कचरा गोळा करणारी बाई, दोन बादल्या. दार उघडतं.]

"वहिनी, सुका वेगळा द्या ना."

"अगं त्यातच आहे, बघ खाली."

खाली असतो. चहाचा चोथा, कालची आमटी, त्याखाली वर्तमानपत्र आणि दुधाची पिशवी. दूधपिशवी धुऊन कोरडी असेल तर भंगारवाला घेतो. आमटी लागलेलं वर्तमानपत्र कुणी घेत नाही. वहिनींनी वाचवली ती अर्ध्या मिनिटाची मेहनत. ती कुठे गेली नाही, दोन मजले खाली उतरून या बाईच्या हातात आली.

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्यांत मोठा वाटा आहे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा. ही संस्था कचरा वेचणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे आणि तिच्यात बहुसंख्य बायका आहेत. यातल्या कित्येकजणी पूर्वी पोतं खांद्यावर टाकून कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचायच्या. 1993 मध्ये त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. ओळखपत्रं मिळाली, त्यावर महापालिकेची मोहोर आली. पोतं घेऊन जाणाऱ्या बाईला कुणीही चोर म्हणून हटकायचं, अशा काळात त्या कार्डाचं मोल काय असेल ते ज्याने खिशात पोलिसांना दाखवायला काहीच नसताना रस्त्यावर काम केलंय त्यालाच कळेल. 2007 मध्ये 'स्वच्छ' उभी राहिली, 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला.

या बायकांची कमाई दोन वाटांनी येते. घरटी महिन्याचं शुल्क, आणि सुका कचरा विकून येणारे पैसे. म्हणजे तुमच्या घरी वर्गीकरण झालं की नाही, हा प्रश्न पर्यावरणाचा वगैरे असेल, पण त्याआधी तो कुणाच्या तरी महिन्याच्या हिशेबाचा आहे. शुल्क द्यायला सोसायटीच्या बैठकीत तासभर वाद घालणारे आपण, ही दुसरी कमाई ओल्या कचऱ्यात बुडवतो, तेही न कळत.

[दृश्य: वर्गीकरणाची शेड. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर ओतलेला सुका कचरा.]

इथे कॅमेरा जरा थांबवूया. हात बघा. पुठ्ठा एका पोत्यात. रद्दी दुसऱ्या. लिहायचा पांढरा कागद निराळा, त्याला भाव बरा. शाम्पूची बाटली कडक प्लॅस्टिकमध्ये, तिचं झाकण काढून बाजूला. वेफरचं चकचकीत पाकीट? ते उचललं, बघितलं आणि मागे टाकलं. आतून चंदेरी, बाहेरून छापील, थरावर थर चिकटवलेले. त्याला गिऱ्हाईक नाही.

आणि ही काळी पिशवी. गाठ मारलेली. ती उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. वापरलेला पॅड, बाळाचा डायपर, इंजेक्शनची सुई, काहीही. 2016 चा नियम सांगत होता की सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यावा आणि तो गुंडाळायला पाकिटं उत्पादकांनीच पुरवावीत. पाकिटं सगळीकडे येतायत असं कुणी म्हणणार नाही. पुण्यात या बायकांनीच त्यावर लाल ठिपक्याचा उपाय काढला. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही. दुकानातून पॅड काळ्या पिशवीत लपवून आणणाऱ्या घरांत त्याच पॅडवर लाल खूण करायला सांगणं सोपं नव्हतं. 2013 मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडांच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांना परत धाडल्या, की बाबांनो, माल तुमचा, तुम्हीच बघा. आम्हाला विचाराल तर कचऱ्याच्या कायद्यावर याहून नेमकं भाष्य कुणी केलेलं नाही.

[दृश्य: रात्र. हॉटेलचं मागचं दार. निळे पिंप.]

आता धंद्याचा कचरा. दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणारा कुणीही, मग ते हॉटेल असो, मंगल कार्यालय, वसतिगृह की मोठी सोसायटी, 2016 च्या नियमांत मोठा कचरा उत्पादक ठरला. त्याने ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवायचा. हातगाडीवाल्यालाही सोडलेलं नाही. भेळेच्या गाडीशेजारी डबा हवाच. कागदावर सोसायट्यांनी गांडूळखताचे खड्डे बांधले, कारण पुण्यात त्यापायी मिळकतकरात सूट मिळते. काही खड्ड्यांत आज खरंच खत होतं. काहींत जुन्या सायकली आहेत.

हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यासाठी बाणेरला प्रकल्प झाला. शिळं अन्न इथे येतं, त्याचा लगदा होतो आणि तो पुढे गॅस करायला जातो. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, वासाच्या तक्रारी झाल्या, आणि 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रकल्प बंद करायला सांगितलं. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जागा विकास आराखड्यात आधीपासून कचऱ्यासाठी राखीव होती. प्रकल्प चालू राहिला, पण वासावर उपाय करायची आणि झाडं लावायची जबाबदारी पालिकेवर आली. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. पण बाणेरचा कचरा बाणेरने सोसायचा नाही तर तो कुणाच्या वेशीवर टाकायचा, याचं उत्तर उरुळीला विचारावं लागेल.

[दृश्य: गल्लीतला मांडव. पंगत उठलेली.]

2016 च्या नियमांतलं एक कलम बहुतेकांच्या गावीही नसायचं. परवाना नसलेल्या जागी, म्हणजे सोसायटीचं पार्किंग किंवा गल्लीतला मांडव अशा ठिकाणी शंभराहून जास्त माणसं जमणार असतील, तर किमान तीन कामकाजी दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करूनच द्यायचा. मुंज असो, डोहाळजेवण असो की गणपतीचं जेवण. आचारी ठरतो, मांडववाला ठरतो, वाढपी ठरतात. पालिकेला कळवायचं काम कुणाच्याच यादीत नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी या पंगतीच्या पिशव्या शेडमध्ये येतात. पत्रावळी, उरलेला मसालेभात, थर्माकोलच्या वाट्या आणि शेकडो कागदी ग्लास. ग्लासाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही, आणि प्लॅस्टिकवालाही घेत नाही.

"दिसायला कागद, पण घेतं कोण?" शेडमध्ये वर्गीकरण करणाऱ्या ताई ग्लास ग्लासात घालत उभी चळत करतात. तेवढीच जागा कमी लागते. गाडी दहाला येते, तिच्यात चढवायचं. अजून चार पोती बाकी आहेत.