आधी तपकिरी, मग हिरवे

श्रोतेहो, नमस्कार. तैलरंग शिकू पाहणाऱ्याने एखाद्या कसलेल्या चित्रकाराच्या निसर्गचित्राची प्रतिकृती करावी, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्यासाठी जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे १८२१ सालचे ‘द हे वेन’ हे चित्र सुचवतो. सफोकमधल्या फ्लॅटफर्डजवळ स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात घोडे जुंपलेली गवताची रिकामी गाडी उभी आहे, डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर आहे, उजवीकडे दूरवर उन्हातले कुरण आहे आणि वर ढगांनी भरलेले आकाश. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

नक्कल करण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. १८२३ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, कॉन्स्टेबल स्वतः चित्रसंग्राहक सर जॉर्ज ब्यूमाँट यांच्याकडे राहून क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या निसर्गचित्रकाराच्या चित्रांच्या प्रती करत होता.

मूळ चित्र सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटर आहे. १४ बाय २० इंचांचा कॅनव्हास घेतला की तेच प्रमाण साधते. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंग लावू नयेत. टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग सर्वत्र पातळ फासून घ्यावा, तो वाळू द्यावा आणि त्यावर त्याच रंगाने झाडे, घर, काठ यांची छायाप्रकाशाची मांडणी करावी. पानांच्या फटींतून हा खालचा ऊबदार तपकिरी थर जागोजागी दिसत राहिला, की झाडांना जडपणा येत नाही.

हिरव्या रंगापाशी बहुतेक विद्यार्थी अडतात. ट्यूबमधला हिरवा सरळ लावला, तर सगळे चित्र एकाच कर्कश सुरात बोलू लागते. प्रशियन ब्लू (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे मिश्रण करून पाहावे : घरामागच्या झाडांचा हिरवा काळसर आणि तपकिरीकडे झुकणारा, काठच्या गवताचा ओलसर, तर दूरच्या कुरणाचा जवळजवळ पिवळा. या साऱ्या हिरवाईत घोड्यांच्या साजावर तांबड्या रंगाचे मोजके ठिपके आहेत. ते अगदी शेवटी लावावेत आणि त्या क्षणी शेजारचा हिरवा कसा उजळतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. वर्णविरोधाचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आकाश मात्र घाईने उरकू नये. कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ साली हॅम्पस्टेड येथे ढगांची अनेक अभ्यासचित्रे केली आणि त्यांच्यावर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. ढगाची खालची बाजू करडी, वरची कड उजळ, आणि दोहोंमधला सांधा रंग ओला असतानाच कोरड्या कुंचल्याने हलका करायचा, एवढे साधले तरी खूप झाले.

तैलरंग वाळतो तो पाणी उडून नव्हे, तर त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते म्हणून. तेल जास्त असलेला थर सावकाश वाळतो, त्यामुळे खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत क्रमाने जास्त असावे. हा क्रम उलटला, तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि चित्राला भेगा पडतात.

शेवटी चित्रातल्या पुढच्या काठाकडे, कुत्रा उभा आहे तिथे, यावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच चित्राचा पूर्ण मापाचा कच्चा खर्डा आहे, त्यात या काठावर घोड्यावर बसलेली एक आकृती दिसते. अंतिम चित्रात कॉन्स्टेबलने ती काढून तिथे पिंप रंगवले आणि पुढे तेही रंगाखाली झाकून टाकले. पण तैलरंगाचा थर काळानुसार पारदर्शक होत जातो आणि झाकलेले अंधूक वर येते. म्हणून आपल्या कॅनव्हासवर एखादी आकृती नकोशी वाटली, तर तिच्यावर नुसता रंग थापू नये. रंग ओला असतानाच पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या सुरीने) ती खरवडून काढावी आणि मगच तिथला काठ पुन्हा रंगवावा.