कल्लिओच्या अंगणातली भाषा

नमस्कार मंडळी, तिळगूळ घ्या. बाहेर उणे चौदा असताना एवढी सगळी आलात, लहानग्यांना थरावर थर कपडे घालून घेऊन आलात, खरंच बरं वाटलं.

मी आज दुसरंच काहीतरी बोलणार होते. पण गेल्या आठवड्यात आमच्या घरी जेवणावरून भांडण झालं आणि ते काही डोक्यातून जात नाहीये. लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, आज सफ्का काय?" मी दमलेली होते, फटकन बोलले, जेवण म्हण, घरात मराठी बोल. तर ती म्हणाली, "ओपेने, म्हणजे शाळेतल्या बाईंनी, सांगितलं हा शब्द कल्लिओतल्या मुलांनी बनवला. मग आमचा शब्द कोण बनवणार?" आणि ताट न घेता खोलीत गेली. भात तसाच निवला.

आता कल्लिओ, हेलसिंकीतला हा जुना कामगारांचा भाग, आपल्याला माहीत आहे तो किती, तर हाकानिएमीच्या दुकानांपुरता. एस्पोहून गाडी घेऊन जायचं, तूरडाळ, कढीपत्ता, मिळाली तर भेंडी, पिशव्या भरायच्या की परत. मीही दहा वर्षं हेच केलं. या शनिवारी मात्र लेकीला घेऊन मुद्दाम चालत फिरले.

पित्कासिल्ता नावाचा पूल आहे ना, नाव लांब पूल पण चालायला दोन मिनिटं, आत्ताचा दगडी पूल 1912 चा. त्याच्या अलीकडे पैसेवाल्यांचं हेलसिंकी आणि पलीकडे कामगारांचं, असंच पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं. पूल ओलांडला की 'कामगारांचं घर', म्हणजे त्यांच्या संघटनेचं सभागृह, दिसतं, 1908 चं, त्यांनी स्वतः उभं केलेलं, जागेवरचाच ग्रॅनाइट फोडून. जानेवारी 1918 मध्ये त्याच्या मनोऱ्यावर लाल कंदील लागला आणि फिनलंडमधली यादवी सुरू झाली. कल्लिओ म्हणजेच खडक. वर टेकडीवर चर्च, त्याच्या घंटांची धून इथल्या प्रसिद्ध संगीतकाराची, सिबेलियसची, रस्त्यांची नावं पहिली लाइन, दुसरी लाइन अशी पाचव्या लाइनपर्यंत. आणि लाकडावर तापणारा 1928 चा सार्वजनिक सौना, म्हणजे वाफेचं स्नानघर, अजून चालू, आम्ही गेलो तेव्हा दाराबाहेर तीन-चार जण नुसता टॉवेल गुंडाळून उभे, अंगातून वाफा निघतायत, लेक बघतच राहिली.

पण मला सांगायचंय ते अंगणाचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोर्नाइनेनच्या बंदरात, कारखान्यांत कामाला खेड्यांतून फिनिश बोलणारी माणसं आली, स्वीडिश बोलणारे कामगार होतेच, वर रशियन सैनिक आणि व्यापारी. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात सगळं कुटुंब, कधी वर भाडेकरूसुद्धा. लालबागला आजोबांच्या चाळीत ज्यांच्या सुट्ट्या गेल्या त्यांना मी काय सांगू, घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणजे पोरं दिवसभर बाहेर. तशीच ही पोरं बाहेर, आणि एकमेकांची भाषा येत नाही तरी खेळायचं तर आहे! त्यातून स्टाडिन स्लांगी, म्हणजे हेलसिंकीची खास बोली, तयार झाली. शब्द बहुतेक स्वीडिश, त्यांना शेपट्या फिनिश, मध्येमध्ये रशियन. शहराला स्टाडी, ते स्वीडिशमधून. जागेला मेस्ता, ते रशियनमधून. सफ्का हा रशियन न्याहारीच्या शब्दाचा झालेला आहे. हे कुठल्या समितीने ठरवलं नाही, शाळेने शिकवलं नाही.

आणि मग मला घरातलं ऐकू यायला लागलं. आमची म्हणते, "माझ्या तक्कीच्या खिशात बघ", "सगळ्या तक्क्या ओल्या झाल्यात". तक्की म्हणजे कोट, शब्द फिनिश आणि चालवलाय आपल्या खिडकी-खिडक्यासारखा. हे तिला कोणी शिकवलं? मी तर प्रत्येक वेळी थांबवून कोट म्हणायला लावत होते. कोट तरी कुठे आपला!

म्हणून थोडं रागावून बोलते, आपलेपणाने ऐका. आपण रविवारचे मराठी वर्ग मनापासून चालवतो, शिकवणाऱ्यांचे उपकार आहेत. पण कल्लिओतली भाषा वर्गात नाही झाली, रोज शंभर पोरं एका अंगणात होती म्हणून झाली. आपली मुलं वेगवेगळ्या इमारतींत एकेकटी, भेटतात गणपतीला, दिवाळीला, आज संक्रांतीला, आणि तेव्हाही आपण त्यांना नाटकाच्या तालमीला बसवतो. त्यांना नुसतं एकत्र सोडा ना, दर आठवड्याला, कोणाच्याही घरी, आणि शुद्ध-अशुद्ध करायला मागे उभे राहू नका. तक्क्या म्हणू देत.

आता खरं सांगते. कालच मी एका मैत्रिणीच्या लेकीला घरी बोलावलं. दोघी मराठीत सुरू झाल्या, "तू काय खेळणार?" वगैरे, मी ओट्यापाशी पोहे भिजवत होते. चौथ्या वाक्याला दोघी पूर्ण फिनिशमध्ये गेल्या, शेपटीसुद्धा मराठी उरली नाही. मस्त खेळत होत्या, हसत होत्या. मी हातात चाळणी घेऊन तशीच उभी राहिले, काही बोलले नाही, आणि बोलायला हवं होतं की नको ते मला अजून ठरवता येत नाहीये.