बधिर पायांतली आग

श्रोतेहो, नमस्कार.

मज्जारज्जूला जबर इजा झालेल्या माणसाच्या तळपायाला टाचणी टोचली तरी त्याला कळत नाही. आणि तोच माणूस रात्री म्हणतो, "पाय नुसते जळतायत." घरचे बुचकळ्यात पडतात. पाय बधिर, मग आग कसली? शेवटी कुणीतरी 'मनाचे खेळ' म्हणून मोकळं होतं. मला याचा राग येतो, कारण ही आग खरी असते. फक्त ती पायात पेटलेली नसते.

त्वचेवरचा संदेश मज्जारज्जूतून चढत मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसपर्यंत जातो आणि तिथून मेंदूच्या पृष्ठभागाकडे. गंमत म्हणजे स्पर्श आणि वेदना एका वाटेने जात नाहीत. सूक्ष्म स्पर्शाचे तंतू त्याच बाजूने वर चढतात, वेदनेचे मात्र मज्जारज्जूतच बाजू बदलतात. त्यामुळे मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू कापली गेली, तर उजव्या पायाचा सूक्ष्म स्पर्श जातो आणि चटका कळेनासा होतो तो डाव्या पायाला! एकोणिसाव्या शतकात ब्राउन-सेकार या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. आजही ही अवस्था त्यांच्याच नावाने ओळखतात.

आता रसायनांकडे येऊ. चेतापेशींना चेतवतं ते ग्लुटामेट, आवरतं ते गाबा. इजा होताच फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेटचा लोंढा बाहेर पडतो आणि धडधाकट शेजारी पेशींनाही मारतो. म्हणून मार एका क्षणाचा असला, तरी नुकसान पुढे कित्येक तास, दिवस वाढत राहतं.

गाबाची गोष्ट त्याहून विलक्षण. गाबा पेशीचं दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. पण त्यासाठी आत आधीच क्लोराइड कमी असावं लागतं. ते सतत बाहेर उपसण्याचं काम केसीसी-२ नावाचं प्रथिन करतं. इजेनंतर इजेच्या जागेखालच्या पेशींत हे प्रथिन घटतं, क्लोराइड साचतं आणि गाबाचा लगाम ढिला पडतो. कधी तर तेच गाबा पेशीला उलट चेतवतं. पाय अचानक ताठतात, झटके येतात, त्यामागे हेही एक कारण. अशा वेदना असलेल्या रुग्णांच्या थॅलॅमसमध्येही गाबा कमी आढळलं आहे. खालून बातमी येणं बंद, वरचा लगाम सैल. मग थॅलॅमस आपल्याच गोंगाटाला पायाची आग समजतो, असं मानलं जातं.

म्हणूनच साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. डॉक्टर प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन देतात. नावात गाबा असलं, तरी ही औषधं गाबासारखं काम करत नाहीत. कॅल्शियमची वाट अडवून ती चेतवणारी रसायनं कमी सोडायला लावतात.

झोपेचंही तसंच. अंधाराची वर्दी मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला मानेतल्या मज्जारज्जूमार्गेच मिळते. मानेतला मज्जारज्जू पूर्ण तुटला, की या ग्रंथीतून येणारं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, रात्री वाढतच नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी पाठ करावी. इजा छातीच्या सहाव्या खंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. बहुतेकदा कारण असतं तुंबलेलं मूत्राशय, जे त्या माणसाला जाणवतही नाही. त्याला आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का पाहा, आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.